चांगुणामावशी म्हणेल तेव्हा

चांगुणामावशीची आणि माझी पहिली भेट भांडणानंच झाली. भांडली ती. मी नुसती खडू हातात धरून उभी होते.

उत्तनच्या शाळेत मी नवीन लागले होते. राहायला भाईंदर पूर्वेला, गोडदेवला. सकाळी भाईंदरचा पूल ओलांडून पश्चिमेला जायचं आणि तिथून बस पकडायची. मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे पडली, डोंगरी आली की खिडकीतून सुक्या मासळीचा वास आत यायचा. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, त्यामुळे हा वास काही परका नव्हता. आई दरवर्षी उन्हाळ्यात पावसाळ्याच्या बेगमीला सुके बोंबील भरून ठेवायची. पण डब्यातला वास वेगळा आणि अख्ख्या किनाऱ्याचा वेगळा. आमच्या पाचवीच्या वर्गाच्या खिडकीला लागूनच बोंबील वाळवायची जागा होती. बांबूंचे खांब उभे करून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या. तिथले लोक त्याला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. अशा हजारो जोड्या वाऱ्यावर हलत असायच्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी खिडकी लावून घेतली आणि भूगोलाचा धडा सुरू केला. ‘‘दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे, आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे...’’

खिडकीवर थाप पडली. एकदा, दोनदा. मी उघडली. बाहेर एक उंच, काटक बाई. काष्टा घातलेली, डोक्यावर टब, एक हात कमरेवर.

‘‘खिरकी कशाला लावतेस? पोरांना वारा नको? वास येतो तुना? त्या वासावर ही पोरं जेवतात.’’

मुलं खाली माना घालून हसायला लागली. मी काहीतरी पुटपुटले. ती जायला वळली, मग थांबली.

‘‘आन् ती मतलय सांगत व्हतीस ना? रातची सुटते ते बरोबर. पन सकाली दहा-अकरापर्यंत टिकली तरच बोंबील सुकतो. लवकर बसली तर माल नासतो. हाय पुस्तकात?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

‘‘मंग लिवून घे.’’

मी खरंच लिहून घेतलं. पुढे दरवर्षी तो धडा शिकवताना हे वाक्य मी फळ्यावर लिहायचे आणि खिडकी उघडी ठेवायचे. दुसऱ्या महिन्यापासून वास जाणवेनासा झाला आणि चांगुणामावशी डब्याच्या सुट्टीत माझ्याशी गप्पा मारायला पायरीवर येऊन बसायला लागली.

ओला बोंबील कधी तळहातावर घेतला असेल तर त्याची थरथर ठाऊक असेल. सगळं पाणीच. ते पाणी दोन-तीन दिवसांत उन्हानं आणि कोरड्या वाऱ्यानं ओढून घ्यायला हवं. पहिल्याच दिवशी पावसाचे चार थेंब पडले तरी बोंबील फुगतो, पिवळा पडतो, तिसऱ्या दिवशी त्यात अळ्या होतात. आणि ओला बोंबील एकदा टबात आला की तो थांबत नाही. आज दोरीवर घालायचा की बर्फात टाकून मिळेल त्या भावाला काढायचा, हे पहाटेच ठरवावं लागतं. ते चांगुणामावशी ठरवायची. एकट्या स्वतःचं नाही, तर त्या अख्ख्या रांगेतल्या बायांचं.

तिच्या दाराच्या चौकटीला एक सुका बोंबील टांगलेला असायचा. गेल्या हंगामातला, निवडून ठेवलेला. पहाटे उठून ती आधी तो बोटांत धरायची. मग शेपटीकडचा तुकडा कानाजवळ नेऊन मोडायची. कट्‌कन आवाज आला तर हवा कोरडी. नुसता वाकला तर हवेत पाणी. मग वाळूपर्यंत चालत जायची, उत्तरेला तोंड करून उभी राहायची, डोळे मिटून. किती वेळ, ते काही ठरलेलं नसे. बाया आपापल्या टबांशी उभ्या असायच्या, कुणी बोलायचं नाही. परत येताना ती एकच शब्द टाकायची. ‘‘घाला.’’ किंवा, ‘‘थांबा.’’ ‘घाला’ म्हणाली की सगळीकडे हात चालू.

मी एकदा विचारलं, ‘‘मावशी, तिथे उभं राहून तुम्हाला नेमकं काय कळतं?’’

‘‘कायपन न्हाय,’’ ती म्हणाली. ‘‘पाठीवरचं क्यास उभं राहतात का बघतो. सासूनं दावलं व्हतं. तिलापन कारन म्हाईत नव्हतं.’’

कुणी तिचे आभार मानले की तिला राग यायचा. ‘‘मना कशाला बोलतेस? वाऱ्याला बोल.’’ गंमत म्हणजे ही बाई स्वतः बोंबील खात नसे. ‘‘जल्माची बोटं त्यातच हायत, परत तोंडात कशाला?’’ तिला आवडायची सुतरफेणी. भाईंदरच्या एका गुजराती मिठाईवाल्याकडची. दिवाळीच्या आधी ती मला बजावायची, ‘‘येकच खोका आन. दिन्याला दावू नको.’’ दिन्या म्हणजे दिनेश, तिचा मुलगा. डोल जाळ्यानं मासेमारी करणाऱ्या बोटीवर खलाशी होता. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी काविळीनं गेला होता. भिंतीपलीकडे तिची धाकटी जाऊ राहायची, रतन. तीही विधवा. एकाच घराचे दोन भाग, मध्ये एक कुडाची भिंत, आणि त्या भिंतीतून दिवसभर बोलणं चालायचं. रतनकडे बोट नव्हती, मुलगा नव्हता. एक मुलगी होती, ती भाईंदर पूर्वेच्या खारी गावात दिलेली. बंदरावरून बोंबील विकत घ्यायचे, सुकवायचे आणि विकायचे, एवढ्यावर तिचं चालायचं. ती फार कमी बोलायची. ‘‘वैनी म्हनंल तसं,’’ हे तिचं वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकलं असेल.

पहिली चार वर्षं मी चांगुणामावशीचं चुकलेलं पाहिलं नाही. निदान मोठं चुकलेलं नाही.

मग हवाच बदलत गेली. ती एका दिवसात बदलली नाही, म्हणून आधी कुणी बोलत नव्हतं. नवरात्र उठलं की आभाळ धुऊन पुसल्यासारखं व्हायचं आणि उत्तरेचा वारा सुरू व्हायचा, असं जुनी माणसं सांगायची. मी आले तेव्हा तसंच होतं. नंतर नंतर दसऱ्यालाही ढग राहायला लागले. नारळी पौर्णिमेला बोटी पूजा करून सुटायच्या आणि आठवड्यात वादळाचा इशारा आला म्हणून परत किनाऱ्याला लागायच्या. बोंबील कधी यायचाच नाही, कधी एकदम इतका यायचा की टब पुरायचे नाहीत. दिनेश म्हणायचा, ‘‘बाई, पाण्यात हात घातला ना, तर न्हाणीघरासारखं लागतंय. त्यात बोंबील कशाला येईल?’’

त्या वर्षी भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी बोटी भरून आल्या. एवढा माल त्या हंगामात पहिल्यांदाच. पहाटे चांगुणामावशीनं बोंबील मोडला, आवाज स्वच्छ आला. ती वाळूवर गेली, उभी राहिली, परत आली. ‘‘घाला,’’ म्हणाली. दिवाळीच्या सुट्टीतही मला शाळेत कामाला बोलावलं होतं, म्हणून मी ते पाहिलं. दुपारपर्यंत सगळ्या वलांड्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. वाराही छान होता. रतननं चहा दिला आणि स्वतःहून म्हणाली, ‘‘औंदा बरं दिसतंय.’’ तिच्या तोंडून एवढं म्हणजे खूप.

संध्याकाळी मी भाईंदरला उतरले तेव्हा पूर्वेकडे अंधारून आलं होतं. पुलावर असतानाच थेंब पडायला लागले. माझे स्वतःचे कपडे बाहेर वाळत होते, तेही मला आठवले नाहीत. मी उभी राहून पश्चिमेकडे बघत राहिले. मग तो पाऊस तीन दिवस पडला. जोराचा नाही, नुसता पडत राहिला.

दुसऱ्या दिवशी गेले तर बाया प्लास्टिकच्या कागदांखाली उभ्या होत्या. बोंबील दोऱ्यांवर फुगून लोंबत होते, त्यांतून पाणी टपकत होतं. चौथ्या दिवशी एक टेम्पो आला आणि सगळा माल फावड्यानं भरून कोंबड्यांच्या खाद्यासाठी घेऊन गेला. फावड्यानं बोंबील उचलताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

चांगुणामावशी त्या संध्याकाळी घराघरांत गेली. प्रत्येक दारात उभी राहून म्हणाली, ‘‘माजं चुकलं.’’ बाया म्हणाल्या, ‘‘तुजं काय गो? तुजापन माल गेला.’’ एकीनंही शिवी दिली नाही. रतननं तिला आत बोलावलं, चहा केला, समोर ठेवला आणि काहीच बोलली नाही.

‘‘वाईट बोलली असती तर बरं झालं असतं,’’ मावशी मला नंतर म्हणाली. ‘‘चा पिताना ती माज्याकडं बघत व्हती.’’

त्यानंतर बायांनी तिला विचारणं सोडलं असं नाही. पण विचारताना आता हातात मोबाईल असायचा. मावशी ‘घाला’ म्हणाली की एखादी पोरगी हळूच स्क्रीनकडे बघायची. मावशीला ते दिसायचं. मोबाईलही काही कमी फसवायचा नाही. एकदा त्यानं चार दिवस पाऊस सांगितला, कुणीच माल दोरीवर घातला नाही आणि चारही दिवस लख्ख ऊन पडलं. टबांतले बोंबील पाण्याच्या भावानं गेले. दुसऱ्यांदा मावशीनं ‘थांबा’ म्हटलं आणि नुसतं आभाळ येऊन गेलं. तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘‘म्हातारीला आता भ्या वाटतं.’’

दुसऱ्या दिवशी मी गेले तर चौकटीला बोंबील नव्हता.

‘‘मांजराला घातला,’’ ती म्हणाली. ‘‘आता मना कुनी इचारू नको.’’

मी भूगोल शिकवणारी बाई. मला वाटलं, निदान समजावून सांगावं. पायरीवर बसून मी तिला सांगितलं की समुद्र तापतो आहे, त्यामुळे अरबी समुद्रात दिवाळीनंतरही कमी दाबाचे पट्टे तयार होतात, वाऱ्याचं जुनं वेळापत्रक राहिलेलं नाही, यात तुमची चूक नाही. तिनं सगळं नीट ऐकलं.  मग म्हणाली, ‘‘म्हंजी सासूनं दावलं ते आता खोटं झालं?’’

‘‘खोटं नाही मावशी. पण...’’

‘‘मंग आता शिकायचं कुनाकडं?’’

घंटा झाली म्हणून मी उठले. 

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे तो त्यानंतर वर्षभरानं आला. जानेवारी होता. बसमधून उतरून शाळेकडे जाताना पाहिलं, तर चांगुणामावशी उंबऱ्यावर हात मांडीत घेऊन बसलेली. ती अशी रिकामी बसलेली मी कधीच पाहिली नव्हती. तिच्या टबांतल्या बोंबलांवर बर्फ टाकलेला होता.

‘‘आज घातले नाहीत?’’

‘‘कंबर धरली,’’ ती म्हणाली.

मला ते खरं वाटलं. तेवढ्यात रतन बाहेर आली. तिच्यासमोर चार टब होते, नेहमीपेक्षा दुप्पट. हंगामातला चांगला बोंबील आता थोडेच दिवस मिळणार, म्हणून तिनं होतं नव्हतं ते लावून माल उचलला होता. ती मावशीपुढे येऊन उभी राहिली.

‘‘वैनी, घालू ना?’’

 मावशीनं एकदा मान वळवून दक्षिणेकडे बघितलं. अगदी थोडं. मी ते पाहिलं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही, आणि कळला असता तर मी काय केलं असतं, हेही मला आज सांगता येत नाही.

‘‘मना काय इचारतेस? मोबाईल बग.’’

‘‘मोबाईलवर ऊन दावतंय.’’

‘‘मंग घाल.’’

रतन वळली. मीही शाळेत गेले.

चौथ्या तासाला वर्गातला उजेड बदलला. मुलांनी माझ्याआधी माना वर केल्या. कोळ्यांची मुलं ती, त्यांना सांगावं लागत नाही. मी हो-नाही म्हणायच्या आतच सगळी बाहेर धावली, मीही धावले. पाऊस आला तो दक्षिणेकडून, आडवा आला. बाया दोऱ्यांवरून बोंबील ओरबाडून काढत होत्या, कवेत भरून ताडपत्रीखाली फेकत होत्या. ओढताना जबडे तुटत होते. कुणी कुणाची वलांडी म्हणून बघत नव्हतं, समोर येईल ती रिकामी करायची. मी रतनच्या दोरीशी होते. माझ्या पलीकडे चांगुणामावशी. कंबर धरलेली बाई आम्हा सगळ्यांपेक्षा भराभर हात चालवत होती.

रतन अचानक थांबली. तिच्या कवेत बोंबील होते, चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं. ती शेजारच्या रांगेकडे बघत होती. तिथे बांबू होते, दोऱ्या होत्या, बाकी काही नव्हतं. संपूर्ण किनाऱ्यावर तेवढी एकच वलांडी कोरीच्या कोरी होती.

‘‘वैनी,’’ रतन म्हणाली. ‘‘तुजा येकपन बोंबील भायेर न्हाय.’’

मावशीचे हात चालूच होते.

‘‘तुना म्हाईत होतं?’’

‘‘रतन, आदी माल काढ.’’

‘‘म्हाईत होतं ना?’’

मावशी थांबली. ती खोटं बोलू शकली असती. कंबर होतीच सांगायला. आसपासच्या दोघी-तिघींचे हातही थांबले होते.

‘‘होतं,’’ ती म्हणाली.

रतननं कवेतले बोंबील खाली वाळूत ठेवले. फेकले नाहीत, ठेवले. मग ती घरात गेली आणि दार लावून घेतलं. दोरीवर अजून निम्मा माल होता. तो मी आणि मावशीनं काढला. त्यातला काहीच उपयोगाला आला नाही.

कुडाच्या भिंतीतून येणारं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. होळीच्या सुमारास रतन आपल्या भागाला कुलूप लावून खारीला मुलीकडे राहायला गेली. तिथून ती मीरा रोडला बेव्हर्ली पार्क नावाच्या वसाहतीत एका घरी स्वयंपाकाला जाते, असं दिनेशकडून कळलं. त्यानंही बोट सोडली होती आणि रिक्षा चालवायला घेतली होती. बोटीवर डिझेलचंही सुटत नव्हतं.

एका शनिवारी मावशी शाळेत आली. पायरीवर बसली नाही, थेट दाराशी उभी राहिली. ‘‘बाई, उद्या माज्यासंगं रतनकडं येशील? मना तिथलं वाचता येत न्हाय. येकाच रंगाच्या बिल्डिंगी.’’

रविवारी आम्ही गेलो. तिनं लग्नाकार्याला नेसायचं हिरवं लुगडं नेसलं होतं. हातात सुतरफेणीचा खोका होता, मलाच आणायला सांगितलेला. रतनला ती आवडते की नाही, तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गेटवर वॉचमननं अडवलं. ‘‘किधर जाना है, माँजी?’’ मावशी माझ्याकडे बघायला लागली. मी घर सांगितलं, कामवालीला भेटायचंय म्हणून सांगितलं. त्यानं वर फोन लावला. बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, ‘‘आ रही है. इधरच बैठो.’’

त्याच्या बाकड्यावर आम्ही बसलो. रतन लिफ्टनं खाली आली. अंगात पंजाबी ड्रेस, ओढणीला पीठ लागलेलं. मी तिला ओळखलंच नाही आधी. ती बसली नाही.

‘‘बरी हायेस?’’ मावशीनं विचारलं.

‘‘हाय. वरती कुकर लावलाय. काय ते बोल.’’

मावशीनं खोका पुढे केला. रतननं तो घेतला नाही, म्हणून तो मावशीच्या हातातच राहिला.

‘‘रतन, मना वाटत व्हतं पाऊस येनार. पन आदी दोनदा चुकलेलं. मी थांब म्हनाली असती आन् न्हाय आला असता, तर तुजं आनखी नुकसान. म्हनून...’’

‘‘वैनी,’’ रतन म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. ‘‘सोताचा माल तू घातला न्हाय. सोतापुरतं तुना खरं वाटलं. मंग माज्यापुरतं का न्हाय वाटलं?’’

गेटमधून एक गाडी आत आली. वॉचमन उठला, दांडा वर केला, खाली केला. 

‘‘ही सुतरफेनी तरी घे,’’ मावशी म्हणाली.

‘‘इथं नको. मॅडम इचारतात काय आनलं.’’ आणि ती लिफ्टकडे गेली. मागे वळून बघेल असं मला वाटलं. नाही बघितलं.

परतीच्या बसमध्ये मावशी खिडकीपाशी बसली होती. राई आली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

‘‘तिनं बरोबर इचारलं, बाई. मी मनाशी इचार केला. माजा माल घातला न्हाय तर मना कोन इचारनार? कंबर धरली म्हनलं की झालं. पन तिला थांबवली आन् पाऊस न्हाय आला, तर बाया बोलल्या असत्या, म्हातारी पुना चुकली. मना त्याची भीती वाटली. येवरंच. दुसरं कायपन न्हाय. तिचं नुकसान व्हईल म्हनून नव्हं. ते मी तिला खोटं सांगितलं.’’

‘‘असं म्हणू नका मावशी.’’

‘‘म्हनू नको तर काय करू? तिचा माल गेला आन् माजी अब्रू राहिली. राहिली का? न्हाय राहिली ती पन.’’

सुतरफेणीचा खोका तिनं बसमध्येच सोडला. माझ्या लक्षात आलं तेव्हा बस पुढे गेली होती.

पुढच्या हंगामात तिनं वलांडी बांधलीच नाही. बांबू दुसऱ्या बाईला देऊन टाकले. बोंबील असाही नीट आला नाही, आणि जो आला तो बाया बंदरावरच बर्फवाल्या गाड्यांना देऊन मोकळ्या व्हायला लागल्या. पहाटे टबांशी उभं राहून वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आमच्या खिडकीबाहेरची जागा निम्मी मोकळी झाली. तिथे मोटरसायकली उभ्या राहायला लागल्या. मावशी पायरीवर यायची बंद झाली होती. मी घरी गेले की चहा करायची, माझ्या आईची चौकशी करायची, पण हवेबद्दल चुकूनही बोलायची नाही. एकदा मी सहज म्हटलं, ‘‘आज गार वारा आहे नाही?’’ तर ती उठून मोरीकडे गेली.

मग माझी बदली पूर्वेला झाली, घराजवळच. उत्तनला जाणं सुटलं. दिनेश कधीमधी रिक्षा घेऊन स्टेशनबाहेर दिसायचा. ‘‘आय बरी हाय,’’ एवढंच सांगायचा आणि गिऱ्हाईक शोधायला लागायचा. रतन खारीलाच होती. दोघी पुन्हा भेटल्याचं मी कधी ऐकलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत एका जुन्या विद्यार्थिनीच्या हळदीला उत्तनला गेले होते. दुपारी एकच्या सुमाराला परत निघाले. ऊन मी म्हणत होतं. आभाळ निळंभोर, समुद्रावर ढगाची एक रेघसुद्धा नाही. बसस्टॉपवर कुणीतरी काळी छत्री उघडून उभं होतं. जवळ गेले तर चांगुणामावशी. पाठीत वाकली होती. तिनं मला ओळखलं की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. मी ‘‘मावशी,’’ म्हटल्यावर तिनं फक्त मान हलवली.

‘‘फार ऊन आहे नाही?’’ मी म्हटलं.

तिनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझं मनगट धरलं. पकड अजून घट्ट होती. मला छत्रीखाली ओढून घेतलं आणि म्हणाली, ‘‘आत ये गो. भिजशील.’’

मी तिच्याजवळ सरकले. तिनं छत्री माझ्या बाजूला कलती केली. तिचा अर्धा खांदा उन्हात राहिला. बस यायला दहा-पंधरा मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ आम्ही दोघी त्या छत्रीखाली अंग चोरून उभ्या होतो.

बस आली तशी मी म्हटलं, ‘‘मावशी, चढा.’’

‘‘तू जा,’’ ती म्हणाली. ‘‘मी हितंच हाय.’’

मला चढावं लागलं. कंडक्टर ओरडत होता.

मागच्या काचेतून बघितलं तेव्हा दुसरी एक पोरगी स्टॉपवर आली होती. कानात वायर, हातात फोन. मावशी छत्री घेऊन तिच्याकडे सरकत होती, आणि ती पोरगी मागे मागे होत होती.